सव्वातेरा इंच

माझ्या दुकानातून गेलेली नंबरप्लेट आजवर एकाही पोलिसाने नावं ठेवून परत पाठवलेली नाही. ही फुशारकी वाटेल. खुशाल वाटू द्या, फुशारकीच आहे. अडुसष्ट वर्षांच्या बाईने साखर सोडावी, जिना चढणं सोडावं, पण कष्टाने कमावलेली फुशारकी सोडू नये.

दुकान माझ्या वडिलांचं, इड्रिस प्रोबर्ट यांचं. इंग्लंड संपून वेल्स सुरू होतो त्या सरहद्दीवर आमचं गाव. गावात पुलापाशी दुकान. हाताने ओढायची प्रेस बाबांच्या वेळचीच आहे. काळ्या पत्र्यावर चंदेरी अक्षरं उठवायची, कडा घासायच्या, झालं. ही काळी पाटी आता फक्त जुन्या गाड्यांना चालते. त्यामुळे माझी गिऱ्हाइकं म्हणजे जुन्या गाड्यांवर जीव टाकणारी माणसं, आणि अशी माणसं सरळ कधीच नसतात.

आमच्या पाटीची एक खूण आहे. पाटी गाडीला बसवायची म्हणजे तिला दोन भोकं लागतात. दुसरे लोक ती हवी तिथे पाडतात. बाबांनी मात्र चॅपेलमधली, म्हणजे आमच्या छोट्या चर्चमधली, एक मोडकी फळी आणली होती. आज कोणती भजनं म्हणायची त्याचे आकडे ज्या फळीवर लावतात, तसली. तिच्यावर आधीपासूनच दोन खिळे होते. बाबा म्हणाले, देवाने माप दिलंय, मी कोण बदलणार. पत्रा त्या खिळ्यांवर टेकवायचा आणि भोकं पाडायची. दोन भोकांतलं अंतर सव्वातेरा इंच. आमच्याकडे आधी भोकं पडतात, अक्षरं मागून. का, ते विचारू नका. बाबा तसं करायचे.

मी दहा वर्षांची असताना मला ही भोकं पाडायला शिकवलं ते बाबांनी नाही, त्यांच्या हाताखालच्या इमलिन बेबने. इमलिन तेव्हा चोवीस वर्षांचा होता. शीळ घालायचा, माझ्या वेण्या ओढायचा, आणि त्याच वर्षी अमेरिकेला निघून गेला. ही गोष्ट त्याच्या गाडीची. आणि माझ्या एका चुकीची, जी मी स्वतःच सांगते आहे, म्हणजे दुसऱ्या कुणाला मीठमसाला लावून सांगायला नको.

इमलिनचा थोरला वाटावा असा धाकटा भाऊ म्हणजे गेथिन बेब. वय एकोणऐंशी. टेकडीवर मेंढ्या पाळण्यात जन्म गेला, आता मेंढ्या पुतण्याने घेतल्या आणि गेथिनकडे उरलं ते रिकामं कोठार आणि भरलेलं डोकं. दोघा भावांचं पन्नास वर्षं बोलणं नव्हतं. चौऱ्याहत्तर सालच्या मार्चमध्ये त्यांची आई गेली आणि इमलिन मातीला आला नाही. तार उशिरा मिळाली, असं त्याने कळवलं. गेथिनना ते खोटं वाटलं. एप्रिलमध्ये त्यांनी पत्र धाडलं: आईला पोचवायला जो आला नाही, त्याने या दारात पुन्हा पाऊल ठेवू नये. त्या पत्राला उत्तर आलं नाही. गावात सगळ्यांना हे पत्र तोंडपाठ होतं, कारण गेथिननी ते टाकण्याआधी पोस्टातच मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

गेल्या वर्षी इमलिन पेन्सिल्व्हेनियात वारला. बायकोमुलं नव्हती. शरद ऋतूत एका मोठ्या लोखंडी पेटाऱ्यातून त्याची गाडी गेथिनच्या कोठाराशी येऊन उतरली. १९५९ची अमेरिकी वॉर्डमन, फिकट हिरवी, लांबीला आमच्या चॅपेलएवढी. सोबत वकिलाचा कागद: गाडी भावाला द्यावी. बस्स, बाकी एक शब्द नाही.

बाहेरून आलेल्या जुन्या गाडीला इथला नंबर हवा असेल तर ती खरोखर किती सालची आहे हे जाणकाराने लिहून द्यावं लागतं. आमच्या भागातल्या जुन्या गाड्यांच्या मंडळात ते जाणकार म्हणजे मी. जानेवारीत मी कोठारात गेले, सांगाड्यावरचा आकडा पाहिला, काचेवरची खूण पाहिली, हातातली बॅटरी लावून गाडी डोक्यापासून पायापर्यंत तपासली. पुढचा बंपर तर काय वर्णावा! क्रोम असा की त्यात माझ्या नाकावरचा तीळ दिसला. इमलिन तिकडे मुलामा देण्याच्या कारखान्यात होता, हे त्याचंच काम. मी दाखल्याच्या पत्रात ठणकावून लिहिलं: पुढच्या बंपरला कधीही भोक पाडलेलं नाही.

हे वाक्य का महत्त्वाचं, ते सांगते. पेन्सिल्व्हेनियात गाडीला नंबर फक्त मागे लागतो. पुढे नाही. त्यामुळे तिकडच्या गाड्यांचं नाक कोरं राहतं, आणि कोऱ्या नाकाच्या गाडीवर शौकीन लोक लाळ गाळतात. पण आमच्याकडे कायदा स्वच्छ आहे. रस्त्यावर यायचं तर पाटी पुढेही हवी आणि मागेही. कुणी कुरकुर केली की बाबा म्हणायचे, "मागची पाटी जाणाऱ्याची, पुढची येणाऱ्याची. येणारा कोण आहे हे कळायला नको?"

एप्रिलमध्ये गेथिनचा नंबर मंजूर होऊन आला. त्या गुरुवारी ते दुकानात शिरले, टोपी काढली नाही, तेव्हाच मी ओळखलं की भांडायला आलेत.

"ग्लेनिस, पुढची पाटी लावायची नाहीये मला."

"मग मागच्या दाराने निघा. पुढच्या दाराने लावणारी गिऱ्हाइकं येतात."

"अगं ऐक तर पोरी. गाडी परदेशातून आलेली आहे. परदेशी गाडीला सूट असते, असं खालच्या आळीचा तो प्लंबर म्हणत होता."

"प्लंबरला नळाचं विचारा."

"बरं, जुनी आहे. पासष्ट वर्षांची. म्हाताऱ्यांना काही सवलत?"

"काळी पाटी लावायची सवलत. न लावायची नाही."

"काचेच्या आत ठेवली तर? समोर, डॅशबोर्डवर?"

"पाटी म्हणजे काय घरचं मांजर आहे, काचेत बसवून ठेवायला? गाडीच्या पुढच्या अंगावर हवी, उभी हवी, वाचता यायला हवी."

"मग बॉनेटवर चिकटवतात ना काही लोक?"

"त्यांचं बॉनेट उतरतं असतं. तुमचं आहे टेबलासारखं आडवं. त्यावरचा नंबर वाचायचा तर पोलिसाला झाडावर चढावं लागेल."

गेथिननी आता टोपी काढली आणि काउंटरवर ठेवली. म्हणजे खरं बोलणार.

"भोक पाडणार नाही मी त्या बंपरला," ते म्हणाले. "तूच लिहिलंयस, कधीही भोक पाडलेलं नाही. पन्नास-साठ वर्षं गाडी सांभाळली त्याने, आणि आपल्याकडचा नंबर बसेल एवढी दोन भोकं काही पाडली नाहीत. याचा अर्थ काय? तिकडचा झाला होता तो. इकडे यायचं त्याच्या मनातच नव्हतं. मग आता मी कशाला जबरदस्तीने त्याच्या नाकात वेसण घालू? शनिवारी हॉलंडहून माणूस येतोय, तेर बोर्ख म्हणून. त्याला अगदी अशीच हवी आहे, कोऱ्या नाकाची. तुझं पत्र वाचूनच हरखलाय तो. देऊन टाकतो."

गाडी द्यायची नव्हती त्यांना. टेकडीवर राहणाऱ्या कुणालाही विचारा. दर रविवारी चॅपेल सुटलं की हा माणूस कोठारात जाऊन बंपर पुसत बसायचा. पुसून झालं की गाडीत बसायचा, तेही उजव्या बाजूला. आमच्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून सवयीने. पण अमेरिकी गाडीचं चाक डावीकडे. त्यामुळे गेथिन दर रविवारी तासभर बसायचे ते सोबत्याच्या जागेवर, आणि शेजारची चालकाची जागा रिकामी. मी एकदा खिडकीतून पाहिलं आणि परत फिरले. मला रडू येत नाही सहसा, त्या दिवशी आलं.

"मिस्टर बेब," मी म्हटलं. मी चिडले की गेथिनचे मिस्टर बेब होतात. "विकायची तर विका. पण कायद्याचं नाव पुढे करून विकू नका. भोक न पाडताही पाटी लावता येते. बंपरच्या कडेला पकडणारे चिमटे मिळतात. उद्या येते मी माप घ्यायला."

"चिमट्याने क्रोमला चरे पडतील."

"उद्या येते म्हटलं ना."

शुक्रवारी दुपारी मी कोठारात गेले. एक कोरी काळी पाटी बरोबर नेली होती. अक्षरं अजून उठवली नव्हती, कारण गाडीचे कागद आणि ओळखीचा पुरावा पाहिल्याशिवाय मी एक अक्षर उठवत नाही, मग राजा येवो की राजाचा घोडा. पण भोकं पाडलेली होती. आमच्याकडे आधी भोकं.

गेथिननी चहा आणि मनुकांची गोड भाकरी मांडून ठेवली होती. पाटी बघून त्यांचा आवाज चढला.

"भोकं? मी सांगितलं होतं भोकं नकोत!"

"माझ्या पाटीला आहेत, तुमच्या बंपरला नाहीत. ओरडू नका, चहा सांडेल."

मी एक चिमटा काढून बंपरच्या कडेला लावून पाहिला. बंपर जाड, कड आत वळलेली. चिमटा बसेना. दुसरा लावला, तो बसला पण पाटी अशी खाली लोंबली की माझं मलाच हसू आलं. नाकापेक्षा मोती जड. गेथिन मागून, "चरा पडला, पडला चरा," असा जप करत होते. शेवटी मी चिमटे फेकले, पाटी दोन्ही हातांनी धरली आणि बंपरच्या मध्यावर टेकवली. नुसतं बघायला, की लावली असती तर कशी दिसली असती.

माझ्या पाटीच्या दोन्ही भोकांतून दोन क्रोमची बटणं माझ्याकडे बघत होती.

मी पाटी काढली. बंपरवर मधोमध, जरा अंतराने, बोटभर रुंद अशी दोन गोल बटणं होती. ती मी जानेवारीतही पाहिली होती. अमेरिकी गाडीच्या अंगावर असले चकचकीत दागिने पायलीला पन्नास असतात. त्यात दोन बटणं जास्त, म्हणून मी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. मी पाटी पुन्हा टेकवली. दोन्ही बटणं दोन्ही भोकांच्या बरोबर मध्ये. केसाचाही फरक नाही.

मला घाम फुटला. एप्रिलात, वेल्समध्ये.

"काय झालं?" गेथिन म्हणाले.

"गेथिन, माझं पत्र चुकलंय."

"काय म्हणालीस? थांब, जरा पुन्हा म्हण. गावात दवंडी पिटायला माणूस पाठवतो."

"थट्टा पुरे. एक गोणपाट द्या मला."

"कशाला?"

"झोपायला!"

गोणपाट अंथरून मी बंपरखाली आडवी झाले. गुडघे कुरकुरले, त्यांना मी दम दिला. हातातल्या बॅटरीचा उजेड मागून टाकला. बटणं दागिने नव्हतीच. ती भोकांवरची झाकणं होती आणि आतून छोट्या पितळी नटांनी आवळलेली होती. गेथिननी या गाडीसाठी खास अमेरिकी पान्यांचा संच मागवला होता. त्यातला एकही पाना त्या नटांना बसेना. मग मी माझ्या ॲप्रनच्या खिशातला छोटा पाना काढला. पाट्यांच्या नटांचा, बाबांच्या वेळचा. तो असा बसला की जणू नट त्याचीच वाट बघत होता. इमलिन अमेरिकेला जाताना आमच्या डब्यातले नट खिशात टाकून गेला होता, चोर कुठला.

झाकणं निघाली. मी भोकात बोट घातलं. आतून गुळगुळीत, क्रोम भोकाच्या कडेवरून आत उतरलेलं.

"गेथिन, खाली या."

"माझी पाठ..."

"पाठ राहू द्या, या."

ते आले, कण्हत, भिंतीला धरून. एकोणऐंशी आणि अडुसष्ट वर्षांची आम्ही दोन माणसं गाडीखाली डोकं घालून पडलो.

"हे बघा," मी म्हटलं. "क्रोम भोकाच्या आतपर्यंत गेलंय. म्हणजे भोकं आधी पाडली आणि मुलामा नंतर दिला. इमलिनने स्वतः. आणि हे कुठल्याही भलत्या कामाचं अंतर नाही. तिकडच्या पाट्या आखूड असतात, त्यांची भोकं जवळ जवळ. सव्वातेरा इंच जगात एकाच ठिकाणी आहे. माझ्या बाबांच्या फळीवर."

गेथिननी माझ्या हातातून बॅटरी घेतली आणि बंपरच्या आतल्या बाजूवर फिरवली. एका कोपऱ्यात ठसा होता, क्रोमखाली थोडा बुजलेला. आमच्या दुकानात अक्षरं ठोकायचे तसले ठसे. मी चष्मा पुसून वाचलं. इ. बे. आणि पुढे, ६-७४.

"जून चौऱ्याहत्तर," मी म्हटलं.

"मार्चमध्ये आई गेली," गेथिन म्हणाले.

"हो."

"एप्रिलमध्ये मी पत्र टाकलं."

"हो. आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं."

"म्हणजे पत्र वाचून झाल्यावर..." ते थांबले. "दारात पाऊल ठेवू नको असं मी लिहिलं, ते वाचलं त्याने, आणि मग बंपर उतरवला आणि आपल्या नंबराची भोकं पाडली."

मी त्यांना धरून बाहेर काढलं आणि उलट्या बादलीवर बसवलं. चहा गार झाला होता, तरी तोच दिला.

"मग आला का नाही गाढव?" ते एकदम ओरडले.

"तुम्ही बोलावलंत?"

"त्याने विचारलं?"

"एक ओळ लिहायची होती गेथिन."

"त्यानेही लिहायची होती."

"त्यानेही. एका आईची दोन लेकरं, हट्टात कोण कमी! त्याने भोकं पाडली आणि झाकून ठेवली. तुम्ही दर नाताळला खिडकीत त्याच्यासाठी दुसरा दिवा लावलात आणि विचारलं की म्हणालात, वायर तपासतोय."

गेथिन हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. "मी सहा महिने पुसतोय तो बंपर," ते म्हणाले. "ती बटणं दर रविवारी घासली मी. एकेक करून. काखेत कळसा."

"मी तर जाणकार," मी म्हटलं. "दुसऱ्यांच्या गाड्यांच्या चुका काढत जन्म गेला, आणि आपल्याच घरचं माप ओळखलं नाही. दिव्याखाली अंधार."

"ते मात्र मी गावात सांगणार."

"सांगा. आता एक ठरवा. उद्या तो डच माणूस येतोय. मी माझं पत्र दुरुस्त करून त्याला दाखवणारच, तुम्ही हो म्हणा की नाही म्हणा. चुकीचा कागद मी माझ्या सहीने फिरू देणार नाही. पण विकायचं की नाही, ते तुमचं."

गेथिन बादलीवरून उठले. गाडीच्या पुढे जाऊन त्यांनी दोन्ही भोकांत दोन तर्जन्या घातल्या.

"पाटी कधी होईल?" त्यांनी विचारलं.

"कागद दाखवा. आणि ओळखीचा पुरावा."

"अगं, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी तुला ओळखतो!"

"तुम्ही मला ओळखता. कायदा तुम्हाला ओळखत नाही. कागद."

शिव्या घालत ते घरात गेले आणि कागद घेऊन आले. मी आकडे दोनदा ताडून पाहिले आणि संध्याकाळच्या आत पाटी ओढली. सांगते, माझ्या आयुष्यातली सगळ्यात सरळ पाटी ती.

शनिवारी सकाळी दहाला तेर बोर्ख आले. उंच, नीटनेटका, अदबशीर माणूस, हातात माझ्या जानेवारीतल्या पत्राची प्रत. गाडी कोठाराच्या दारात उन्हात उभी होती. पाटी लावलेली, बाबांच्या डब्यातल्या दोन पितळी स्क्रूंनी. पाहुण्यांनी गाडीला एक फेरी मारली, पुढे येऊन वाकले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पण हिला भोकं पाडली आहेत," ते म्हणाले. आवाज असा की घरात कुणी गेलंय.

मी पुढे झाले. "पत्र माझं आहे आणि त्यातलं ते वाक्य चूक आहे. ही दुरुस्त प्रत. तुम्हाला एवढ्या लांब यावं लागलं, त्याबद्दल मी मनापासून माफी मागते." हे बोलायला जड गेलं, पण आवाज खणखणीत निघाला.

"कुणी पाडली?" त्यांनी विचारलं.

"माझ्या भावाने," गेथिन म्हणाले. इतक्या ताठ मानेने मी त्यांना मेंढ्यांच्या बक्षिसालाही उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"अरेरे. का बरं? त्यांच्याकडे तर पुढची पाटी लागतच नाही."

"तिकडे नाही लागत. इथे लागते. इथे यायचं होतं त्याला."

तेर बोर्खना बहुतेक काहीतरी कळलं. त्यांनी टोपी काढली, कमी किमतीचा विषयसुद्धा काढला नाही. मनुकांच्या भाकरीचे तीन तुकडे खाल्ले, चौथा रुमालात घेतला आणि गेले. भला माणूस.

मग गेथिननी किल्ली खिशातून काढली आणि सवयीने उजवीकडचं दार उघडून आत बसले. समोर चाक नाही. मी बाहेर उभी होते. जरा वेळाने ते उतरले, गाडीच्या नाकासमोरून वळसा घालून डावीकडे आले, जाता जाता पाटीवर हात ठेवला, आणि चालकाच्या जागी बसले.

"येतेस?" त्यांनी विचारलं. "ती जागा रिकामी आहे."

मी उजवीकडे बसले. टेकडीवरचा रस्ता अरुंद, गाडी रुंद, चाक भलत्या बाजूला. दोन ठिकाणी कुंपण घासता घासता वाचलं आणि एका मेंढीने आमच्याकडे असं पाहिलं की आमची लाजच गेली. गेथिन मात्र शीळ घालत होते. ती शीळ मी ओळखली, इमलिनची.

आम्ही चॅपेलच्या स्मशानापाशी पोचलो. त्यांची आई तिथे भिंतीला लागून पहिल्या रांगेत आहे. गाडी लावायची मोकळी जागा रस्त्याच्या कडेला होती, सोपी. गेथिननी ती सोडली. चार वेळा पुढे, चार वेळा मागे करत, घाम गाळत, त्यांनी ती लांबलचक गाडी वळवली आणि नाक थेट आईच्या दगडासमोर आणून उभी केली.

"इकडे कशाला?" मी म्हटलं. "निघताना त्रास होईल."

त्यांनी इंजिन बंद केलं.

"पुढचा नंबर दिसू दे तिला," गेथिन म्हणाले. "कोण आलंय ते कळू दे."